याजकपद, इस्राएली व ख्रिस्ती

याजकपद, इस्राएली व ख्रिस्ती : देव आणि उपासकसमाज यांच्यामध्ये उभे राहून यज्ञार्पण, शुद्धीकरण, आशीर्वाद व धर्मशिक्षण ही कार्ये करणाऱ्या अधिकृत व्यक्तीचे पद. हिब्रू भाषेत याजकास ‘कोहेन’ व ग्रीकमध्ये ‘हिएरेउस’ म्हणतात. मराठी बायबलमध्ये या दोहोंसाठी ‘याजक’ हा शब्द रूढ झाला आहे. प्राचीन इस्राएलमध्ये हे पद जन्माने प्राप्त होत असे. ख्रिस्ती मंडळीतील बिशप, प्रेसबिटर व डीकन ही अधिकारपदे मात्र पाचारण, निवड व दीक्षा यांनी प्राप्त होतात. असे असूनही पहिल्या शतकाच्या अखेरीपासून ख्रिस्ती लेखकांनी या दोन व्यवस्थांची तुलना केली, आणि कालांतराने ख्रिस्ती अधिकाऱ्यांस याजक ही संज्ञाच लावली जाऊ लागली. हा संबंध वारशाचा, सादृश्याचा की पूर्ततेचा, हा ख्रिस्ती धर्मेतिहासातील एक जुना वादविषय आहे. जन्मसिद्ध धर्माधिकार जेथे समाजव्यवस्थेचाच भाग होता, त्या महाराष्ट्रात या प्रश्नाला एक निकडीचा सामाजिक अर्थही आला. पुणे जिल्ह्याच्या शिरूर व दौंड तालुक्यांतील ख्रिस्ती संस्थांच्या इतिहासात तो विशेष स्पष्टपणे दिसतो.

इस्राएली याजकसेवेचे स्वरूप : बायबलमधील ‘उत्पत्ती’ या ग्रंथात स्वतंत्र याजकवर्ग आढळत नाही. अब्राहाम, याकोब इ. कुलप्रमुख स्वतःच वेदी बांधून अर्पणे करतात. शालेमचा राजा मलकीसदेक याचा याजक म्हणून उल्लेख येतो. पण तो इस्राएलपूर्व परंपरेतील होय. ‘निर्गम’, ‘लेवीय’ आणि ‘गणना’ या ग्रंथांनुसार मोशेच्या काळी लेवी वंश देवाच्या सेवेसाठी वेगळा काढण्यात आला आणि त्यातील अहरोनाच्या कुळास याजकपद मिळाले. इतर लेवींकडे पवित्र निवासमंडपाची राखण, सामानाची वाहतूक आणि याजकांना साहाय्य ही कामे होती. अशा रीतीने मुख्य याजक, याजक व लेवी अशी तीन पायऱ्यांची रचना सिद्ध झाली.

याजकाच्या प्रतिष्ठापनेचा विधी सात दिवस चाले. स्नान, वस्त्रधारण व तैलाभ्यंग यांनंतर अर्पिलेल्या मेंढ्याचे रक्त त्याच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या व उजव्या पायाच्या अंगठ्याला लावीत. अर्पणाचे भाग त्याच्या तळहातांवर ठेवीत; म्हणूनच हिब्रूमध्ये याजकाची प्रतिष्ठापना करणे या अर्थी ‘हात भरणे’ असा वाक्प्रचार आहे. मुख्य याजकाच्या उरपटावर इस्राएलच्या बारा वंशांची नावे कोरलेली बारा रत्ने असत. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, तो एकटाच परमपवित्र स्थानात प्रवेश करी.

यज्ञार्पण हे याजकाचे ठळक कार्य असले, तरी ते एकमेव नव्हते. ऊरीम व थुम्मीम यांच्या साहाय्याने देवाचा कौल घेणे, कुष्ठादी रोगांच्या बाबतीत शुद्धाशुद्धतेचा निर्णय देणे, लोकांस आशीर्वाद देणे आणि नियमशास्त्र शिकविणे हीही त्याची कर्तव्ये होती. मलाखी संदेष्ट्याने याजकांवर केलेल्या टीकेचा रोख प्रामुख्याने त्यांनी अध्यापनाच्या कर्तव्यात केलेल्या कसुरीवर आणि सदोष पशू अर्पण करण्याच्या प्रथेवर आहे.

लेवी वंशाला इतर वंशांप्रमाणे भूमीचा वाटा नव्हता. त्यांना राहण्यासाठी ४८ नगरे व त्यांभोवतीची कुरणे नेमून दिली होती. त्यांचा निर्वाह लोकांनी दिलेल्या दशांशावर चाले आणि त्या दशांशाचा दहावा भाग ते याजकांना देत. मराठी गावगाड्यातील जोशी, गुरव यांच्या वतनांशी या व्यवस्थेची तुलना उद्‌बोधक ठरते. दोन्हीकडे सेवा वंशपरंपरागत आहे व तिचा मोबदला उत्पन्नातील वाट्याच्या रूपाने मिळतो. परंतु मराठी व्यवस्थेत वतनाबरोबर इनाम जमीनही येऊ शके, तर लेवीला शेतीची जमीन वारशाने मिळत नसे.

ऐतिहासिक विकास : वरील चित्र एकाच काळात सिद्ध झाले असे आधुनिक संशोधक मानत नाहीत. ‘अनुवाद’ या ग्रंथात याजक व लेवी यांच्यातील भेद पुसट आहे. जर्मन पंडित यूलिउस व्हेलहाउझेन याने १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इस्राएलच्या इतिहासावरील ग्रंथात हा भेद बाबिलोनी बंदिवासाच्या काळात व त्यानंतर दृढ झाला, असे मत मांडले. त्याच्या कालक्रमाविषयी आजही मतभेद आहेत. तथापि याजकव्यवस्था टप्प्याटप्प्याने विकसित झाली, हा त्याचा मूळ मुद्दा बहुतेकांना मान्य आहे.

जन्मसिद्ध अधिकाराविषयीचा असंतोष खुद्द बायबलमध्येच नमूद झालेला आहे. सर्व मंडळी पवित्र असताना मोशे व अहरोन यांनीच स्वतःला उंच का मानावे, असा आक्षेप कोरह याने घेतला. त्या बंडाचा अंत कोरहाच्या नाशात झाल्याचे ‘गणना’ हा ग्रंथ सांगतो. उलट, एली याजकाच्या पुत्रांच्या कथेत वंश शुद्ध असूनही आचरण भ्रष्ट झाल्यामुळे त्या घराण्याचे अधिकारपद गेले, असे दाखविले आहे. दाविदाच्या काळी सादोक व अब्याथार हे दोन प्रमुख याजक होते. शलमोनाने अब्याथारास दूर केल्यावर सादोकाचे घराणे पुढे आले. इ. स. पू. सु. ५८६ मध्ये बाबिलोनी सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले; इ. स. पू. सु. ५१५ मध्ये ते पुन्हा उभे राहिले. राजसत्ता उरली नसल्याने या दुसऱ्या मंदिराच्या काळात मुख्य याजक हाच यहुदी समाजाचा प्रमुख बनला. याजकांचे २४ वर्ग असून ते पाळीपाळीने एकेक आठवडा सेवा करीत. इ. स. पू. १५२ मध्ये हॅस्मोनियन घराण्यातील योनाथान मुख्य याजक झाला. हे घराणे सादोकाच्या परंपरेतील नसल्याने धार्मिक फूट पडली. पुढे रोमन अमलाखाली हे पद शासनाच्या मर्जीवर अवलंबून राहू लागले. येशूच्या खटल्याच्या वेळचा मुख्य याजक कयफा हा इ. स. १८ ते ३६ या काळात पदावर होता.

मंदिरानंतरची व्यवस्था : इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर नष्ट केले आणि यज्ञसेवा थांबली. तथापि यहुदी धर्म टिकून राहिला. कारण सभास्थान ही मंदिराहून वेगळी संस्था तोपर्यंत रुजली होती. तेथे वाचन, प्रार्थना व प्रवचन ही कार्ये चालत. कारभार ज्येष्ठांकडे व सभास्थानाच्या अधिकाऱ्याकडे असे आणि त्यांपैकी कोणतेही काम याजकवंशापुरते मर्यादित नव्हते. पुढे धर्मशास्त्रज्ञ रब्बींकडे नेतृत्व आले. अहरोनाच्या वंशजांकडे नियमशास्त्राच्या वाचनातील पहिला मान, आशीर्वादाचा विधी, प्रेतस्पर्शाचा निषेध अशा मोजक्या गोष्टी राहिल्या. ख्रिस्ती मंडळीच्या रचनेवर मंदिराचा प्रभाव अधिक की सभास्थानाचा, या प्रश्नाचे मूळ या दुहेरी वारशात आहे.

नव्या करारातील पदे : येशू यहूदा वंशातील असल्याने इस्राएली नियमानुसार याजक नव्हता. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात यरुशलेममधील अनेक याजक ख्रिस्ती झाल्याचा उल्लेख आहे. परंतु त्यांना मंडळीत त्यामुळे काही खास पद मिळाल्याचे कोठेही सांगितलेले नाही. मंडळीतील पदांसाठी तीन ग्रीक शब्द येतात : ‘प्रेस्बुतेरॉस’ म्हणजे वडील, ‘एपिस्कोपॉस’ म्हणजे देखरेख करणारा आणि ‘दिआकोनॉस’ म्हणजे सेवक. यांपैकी पहिला शब्द सभास्थानाच्या व्यवहारातून आला, असे सामान्यतः मानतात. दुसरा व तिसरा हे ग्रीक व्यवहारातील सामान्य शब्द होते. आरंभी पहिल्या दोन शब्दांत निश्चित भेद नव्हता. इफिस येथील वडिलांना केलेल्या भाषणात पौल त्यांनाच देखरेख करणारे असे संबोधतो. ‘हिएरेउस’ हा याजकवाचक शब्द नव्या करारात मंडळीतील कोणत्याही अधिकाऱ्यास लावलेला नाही.

तो शब्द दोन वेगळ्या अर्थांनी मात्र येतो. ‘इब्री लोकांस पत्र’ यात ख्रिस्ताला मुख्य याजक म्हटले आहे. त्याचे याजकपद अहरोनाच्या वंशपरंपरेवर आधारलेले नसून मलकीसदेकाच्या प्रकारचे आहे आणि त्याचे अर्पण एकदाच व कायमचे झालेले आहे, असे तेथील प्रतिपादन होय. ‘पेत्राचे पहिले पत्र’ व ‘प्रकटीकरण’ यांत समस्त ख्रिस्ती जनांना याजक म्हटले आहे. ही कल्पना नवी नव्हती; इस्राएलचे संपूर्ण राष्ट्र याजकांचे राज्य होईल, असे वचन ‘निर्गम’ ग्रंथातच आलेले आहे.

दीक्षाविधीच्या बाबतीतही एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. अहरोनाला तैलाभ्यंग झाला होता. मोशेचा उत्तराधिकारी यहोशवा याच्या मस्तकावर मात्र मोशेने हात ठेवले होते. लेवींच्या समर्पणप्रसंगीही लोकांनी त्यांच्यावर हात ठेवल्याचे ‘गणना’ ग्रंथात नमूद आहे. ख्रिस्ती दीक्षेचे आद्य व सार्वत्रिक अंग हस्तनिक्षेप हे आहे. हातांना तेल लावण्याचा विधी पश्चिमी चर्चमध्ये बराच नंतर रूढ झाला.

सादृश्याची वाढ : रोमच्या क्लेमेंट याने इ. स. सु. ९६ मध्ये करिंथच्या मंडळीस लिहिलेल्या पत्रात सुव्यवस्थेचा दाखला म्हणून मुख्य याजक, याजक, लेवी व सामान्य जन यांच्या नेमून दिलेल्या कामांचा निर्देश केला. करिंथमध्ये काही वडिलांना पदच्युत करण्यात आले होते, हे या पत्राचे निमित्त होते. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा इग्नेशियस याने एक बिशप, त्याच्याभोवती प्रेसबिटर व डीकन अशा त्रिस्तरीय रचनेचा आग्रह धरला. पण त्यासाठी लेवीय व्यवस्थेचा आधार घेतला नाही. इ. स. सु. २०० मध्ये टर्टलियन बिशपला मुख्य याजक म्हणतो. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन याने प्रभुभोजनाला अर्पणाची व बिशपला याजकाची भाषा निःसंकोचपणे लावली. चौथ्या-पाचव्या शतकांच्या सुमारास जेरोम याने अहरोन, त्याचे पुत्र व लेवी हे मंदिरात जे होते, तेच मंडळीत बिशप, प्रेसबिटर व डीकन आहेत, असे समीकरण मांडले.

या वाढीची कारणे अनेक होत. प्रभुभोजनाला अर्पण मानण्याची धारणा दृढ झाल्यावर अर्पण करणारा तो याजक, हे ओघानेच आले. मंदिर नष्ट झालेले असल्यामुळे याजक या शब्दाने यहुदी व ख्रिस्ती अधिकाऱ्यांत गोंधळ होण्याचा संभवही उरला नव्हता. मंडळीत फूट पडत असता अधिकाऱ्यांच्या मागे शास्त्राचे बळ उभे करणेही आवश्यक झाले होते; कोरहाच्या बंडाचा दाखला या संदर्भात वारंवार देण्यात येई. याबरोबरच युरोपीय भाषांत एक शब्दसंकर झाला. इंग्रजीतील ‘प्रीस्ट’, जर्मनमधील ‘प्रीस्टर’ व फ्रेंचमधील ‘प्रेत्र’ हे शब्द वडील या अर्थाच्या ‘प्रेस्बुतेरॉस’पासून आले, पण त्यांचा अर्थ मात्र यज्ञ करणारा याजक असा झाला.

या सादृश्यात एक गोष्ट कधीच पूर्णपणे स्वीकारली गेली नाही, ती म्हणजे वंशपरंपरा. पश्चिमी चर्चमध्ये याजकांच्या ब्रह्मचर्याचा नियम दृढ झाला आणि १३३९ पूर्वी दोन शतके, म्हणजे ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेत, वरिष्ठ दीक्षा घेतलेल्यांचे विवाह अवैध ठरविण्यात आले. त्यामुळे पित्याकडून पुत्राकडे पद जाण्याचा मार्ग तत्त्वतः बंद झाला. अहरोनाची भाषा घेतली गेली, पण त्याचे कूळ घेतले गेले नाही.

धर्मसुधारणा व नंतर : मार्टिन ल्यूथर याने १५२० मध्ये बाप्तिस्मा झालेले सर्वजण याजक असून पाळक हा केवळ कार्यभेदाने वेगळा आहे, असे प्रतिपादन केले. जॉन कॅल्व्हिनच्या प्रेरणेने जिनीव्हा येथे १५४१ मध्ये झालेल्या नियमांत पाळक, शिक्षक, वडील व डीकन अशी चार पदे मानण्यात आली. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये कॅथलिक पक्ष निश्चित करताना दृश्य अर्पण व दृश्य याजकपद यांचा अन्योन्यसंबंध ठामपणे मांडला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये चर्चविषयक घोषणापत्रात सर्व श्रद्धावंतांचे सामान्य याजकपद मान्य केले. मात्र दीक्षित याजकपद हे त्याहून केवळ प्रमाणाने नव्हे, तर स्वरूपाने भिन्न असल्याचे सांगून दोहोंचा परस्परसंबंधही स्पष्ट केला. ख्रिस्ताचे एकमेव याजकपद हे दोन्ही पक्षांचे समान अधिष्ठान आहे. मतभेद आहे तो त्यात मंडळीचा अधिकारी कोणत्या अर्थाने सहभागी होतो, याविषयी.

मराठी परिभाषा : युरोपीय भाषांत झालेला वरील संकर मराठीत बव्हंशी टळला आहे. श्रीरामपूर येथे विल्यम केरीच्या नेतृत्वाखाली १८०५ मध्ये मत्तयकृत शुभवर्तमान व १८११ मध्ये नवा करार मराठीत छापला गेला. मुंबईच्या अमेरिकन मिशनचा नवा करार १८२६ मध्ये निघाला आणि पुढे १८४७ मध्ये संपूर्ण बायबल उपलब्ध झाले. रूढ झालेल्या भाषांतरांत ‘हिएरेउस’साठी याजक, ‘प्रेस्बुतेरॉस’साठी वडील, ‘एपिस्कोपॉस’साठी अध्यक्ष व ‘दिआकोनॉस’साठी सेवक असे चार निरनिराळे शब्द आहेत. याजक हा शब्द ‘यज्’ या धातूपासून आलेला असल्याने यज्ञाचा अर्थ त्यात स्पष्टच आहे. भट, पुरोहित, पुजारी, गुरव हे प्रचारातील शब्द त्यांच्याशी निगडित जातिवाचक अर्थामुळे गैरसोयीचे होते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत प्रत्यक्ष व्यवहारात पाळक हा शब्द रुळला. त्यात मेंढपाळाची प्रतिमा असून यज्ञाचा निर्देश नाही. कॅथलिक समाजात धर्मगुरू व फादर हे शब्द वापरतात. ‘पाद्री’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्याचा मूळ अर्थ पिता असा आहे. अशा रीतीने मराठी वाचकाला केवळ शब्दांवरूनच अहरोनाचे पद व मंडळीचे पद यांतील अंतर कळू शकते.

गोव्यातील अनुभव : मराठीत इस्राएलचा इतिहास विस्ताराने प्रथम आला तो इंग्रज जेझुइट टॉमस स्टीफन्स याच्या ‘क्रिस्तपुराण’ या १६१६ मध्ये राशोल येथे छापलेल्या ग्रंथात. त्याच्या पहिल्या भागात जुन्या करारातील कथा आहेत. याच काळात गोव्यात स्थानिक ख्रिस्ती लोकांना याजकदीक्षा कितपत द्यावी, हा प्रश्न तीव्र होता. धार्मिक संघांची दारे त्यांना दीर्घकाळ बंद होती. दिवाडी बेटावरील मातेउश द काश्त्रू याला रोममध्ये जाऊन दीक्षा घ्यावी लागली. १६३७ मध्ये तो बिशप झाला. लॅटिन परंपरेतील तो पहिला भारतीय बिशप होय. स्थानिक याजकवर्ग हा प्रामुख्याने ब्राह्मण व चारडो या जातींतून आलेला होता. म्हणजे दीक्षेला वंशाची अट नसतानाही जातीने व वर्णाने ती जागा व्यवहारात घेतली होती. १७८७ चा पिंटोंचा कट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उठावात स्थानिक याजकांचा पुढाकार होता आणि चर्चमधील वरिष्ठ पदांबाबत झालेला अन्याय हे त्याचे एक प्रमुख कारण होते.

बेने इस्राएल समाज : महाराष्ट्रात इस्राएली परंपरा केवळ ग्रंथांतूनच आलेली नाही. कोकणातील बेने इस्राएल हा मराठीभाषी यहुदी समाज शतकानुशतके येथे राहत आला. या समाजात कोहेन किंवा लेवी घराण्यांची परंपरा नव्हती. धार्मिक व सामाजिक कार्ये काजी करीत व ती काही घराण्यांत वंशपरंपरेने चालत. याजक नसतानाही सुंता, शब्बाथ, उपवास व आहारनियम टिकून राहिले. यरुशलेमच्या मंदिरात ज्या दिवसाचे केंद्र मुख्य याजक होता, तो प्रायश्चित्ताचा दिवस कोकणात ‘दारफाळणीचा सण’ या नावाने, घराची दारे बंद करून, कडक उपवासाने पाळला जाई. एलीया संदेष्ट्याच्या स्मरणार्थ केला जाणारा पोहे, खोबरे, साखर व फळे यांचा ‘मलिदा’ हा विधीही या समाजाचे वैशिष्ट्य होय. मुंबईत १७९६ मध्ये सामुएल दिवेकर यांनी या समाजाचे पहिले सभास्थान उभारले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले, त्याचा उपयोगही या समाजास झाला. वल्हांडणाच्या रात्री घरोघरी वाचावयाची हग्गादा १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापण्यात आली. या विधीत प्रमुखपद कुटुंबप्रमुखाकडे असते. पुण्याच्या रास्ता पेठेतील सभास्थान १९२१ मधील आहे. याजकसेवा नाहीशी झाल्यावर उपासना घर व सभास्थान यांच्या आधारे कशी जगते, याचे हे मराठी उदाहरण होय.

शिरूर व अहमदनगरच्या मंडळ्या : पुण्याहून अहमदनगरकडे (२०२४ पासून अहिल्यानगर) जाणाऱ्या मार्गावर कोरेगाव भीमा व त्यापुढे शिरूर ऊर्फ घोडनदी ही गावे येतात. अहमदनगर येथे १८३१ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन मराठी मिशनने १८४१ मध्ये शिरूर येथे ठाणे स्थापन केले. हे मिशन काँग्रिगेशनल परंपरेचे होते. तीनुसार प्रत्येक स्थानिक मंडळी आपला पाळक स्वतः निवडते आणि बिशपचे पद मानीत नाही. मंडळ्यांतील बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतील होते. १८५४ मध्ये अहमदनगर येथे हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. हे दोघेही जन्माने ब्राह्मण होते. परंतु त्यांच्या हातून प्रभुभोजन घेणारे व त्यांच्याबरोबर एका पंगतीत बसणारे लोक पूर्वाश्रमीचे अस्पृश्य होते. पुढे महार व मांग कुटुंबांतूनही शिक्षक, उपदेशक व पाळक तयार झाले. ज्या गावात देवळाच्या उंबरठ्याच्या आत ज्यांना प्रवेश नव्हता, त्याच गावात त्यांच्यापैकी एकजण वेदशास्त्राच्या जागी बायबल हाती घेऊन उपासना चालवू लागला. धर्मशास्त्रीय वादात सूक्ष्म वाटणारा जन्म व पाचारण यांतील भेद येथे दैनंदिन अनुभवाचा विषय झाला.

तथापि याला मर्यादा होत्या. दीक्षा, वेतन व नेमणुका यांवर परदेशी मिशनऱ्यांचे नियंत्रण दीर्घकाळ राहिले. कवी नारायण वामन टिळक यांचा १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाला व पुढे त्यांना पाळकपदाची दीक्षाही मिळाली. परंतु १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ ही बंधुसंस्था काढली. पगारी पदाहून संन्यस्त सेवा त्यांना अधिक जवळची वाटली. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

पंडिता रमाबाई व केडगाव : याजकपदाविषयीचा मराठी भाषकांतील सर्वांत मार्मिक वाद पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या पत्रव्यवहारात आढळतो. १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले नीलकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे हे उच्च अँग्लिकन परंपरेतील याजक होते. त्यांना १८७० मध्ये याजकदीक्षा मिळाली होती. प्रेषितांपासून अखंड चालत आलेली बिशपांची परंपरा व याजकाचा अधिकार यांना त्या परंपरेत केंद्रीय स्थान होते. रमाबाईंच्या ख्रिस्ती होण्यावर गोरे यांच्या लेखनाचा प्रभाव पडला. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र चर्चच्या अधिकाऱ्यांचे प्रत्येक म्हणणे ईश्वरी आज्ञा म्हणून स्वीकारावे, ही अपेक्षा त्यांनी नाकारली. भारतातील पुरोहितवर्गाच्या जोखडातून आपण मोठ्या प्रयासाने मोकळ्या झालो असता तशाच दुसऱ्या जोखडाखाली मान देण्यास आपण तयार नाही, अशा आशयाचे पत्र त्यांनी १८८५ मध्ये सिस्टर जेराल्डाइन यांना लिहिले. ब्राह्मण पुरोहित व ख्रिस्ती याजक यांची तुलना त्यांनी स्वानुभवावरून केली होती. अधिकार वंशाने आलेला असो वा दीक्षेने, त्याची कसोटी शास्त्रवचन व सदसद्विवेक हीच असावी, ही त्यांची भूमिका होती.

दौंड तालुक्यातील केडगाव येथे त्यांनी उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये या भूमिकेला कृतिरूप मिळाले. दुष्काळपीडित व निराधार स्त्रियांच्या या वसाहतीत प्रार्थना, शिक्षण, शुश्रूषा, शेती व छपाई ही कामे स्त्रियाच पाहत. रमाबाईंनी कोणतीही दीक्षा घेतली नव्हती. तरीही अध्यापन व उपदेश ही इस्राएलमध्ये याजकाची समजली जाणारी कार्ये त्या करीत होत्या. त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सामान्य स्त्रियांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियांनी जुळविलेला व छापलेला हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. याजकवंशातील पुरुषांसाठी राखून ठेवलेल्या विधींचे तपशील सांगणारा ‘लेवीय’ हा ग्रंथ अशा रीतीने भीमेच्या खोऱ्यातील स्त्रियांच्या हातांनी मराठीत उतरला.

अलीकडील घडामोडी : अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या १९२४ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया या संघात सहभागी झाल्या. हा संघ, अँग्लिकन चर्च व इतर चार पंथ मिळून २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. या एकीकरणात बिशप, प्रेसबिटर व डीकन ही त्रिस्तरीय रचना स्वीकारण्यात आली. मात्र बिशपचे पद ऐतिहासिक असण्याबरोबरच घटनात्मक म्हणजे नियमांनी मर्यादित असावे, असे ठरले. बिशप न मानणाऱ्या शिरूर-अहमदनगरच्या परंपरेने बिशप स्वीकारला आणि अँग्लिकन परंपरेने पाळकनिवडीत मंडळीचा आवाज मान्य केला. दीक्षित सेवकासाठी या चर्चने याजकवाचक संज्ञा न घेता प्रेसबिटर ही वडीलवाचक संज्ञा घेतली, हे लक्षणीय आहे. ‘वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस’च्या १९८२ च्या लिमा येथील निवेदनातही ख्रिस्ताचे एकमेव याजकपद, सर्व मंडळीचे याजकपद व दीक्षित सेवा यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न आढळतो.

कॅथलिक चर्चचे पुणे धर्मप्रांत १८८६ मध्ये स्थापन झाले आणि कँडी येथील पोपचे धर्मविद्यालय १९५५ मध्ये पुण्यास हलविण्यात आले. तेव्हापासून पुणे हे देशभरातील भावी धर्मगुरूंच्या शिक्षणाचे एक प्रमुख केंद्र आहे. जातीचा प्रश्न मात्र संपलेला नाही. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चच्या नेतृत्वात दलितांचा वाटा अल्प असल्याचे मान्य केले. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे दलित समाजातील पहिले कार्डिनल झाले.

समारोप : इस्राएली याजकसेवेपासून ख्रिस्ती मंडळीने अर्पणाची भाषा, त्रिस्तरीय रचनेचा दाखला, दशांशाची कल्पना आणि आशीर्वादाचा विधी घेतला. वडीलपद व शास्त्रवाचन यांचा वारसा तिला सभास्थानाकडून मिळाला. वंशपरंपरा मात्र तिने तत्त्वतः सोडून दिली. महाराष्ट्राच्या अनुभवावरून असे दिसते की, वंशाचा नियम नसला तरी जात, वर्ण, लिंग वा परदेशी नियंत्रण यांच्या रूपाने तो परत येऊ शकतो. सर्व मंडळी पवित्र असता काहींनीच उंच का व्हावे, हा कोरहाचा प्रश्न वाळवंटात दडपला गेला. खिस्ती व मोडक यांच्या मंडळ्यांत, रमाबाईंच्या पत्रांत आणि १९७० च्या एकीकरणात तो निरनिराळ्या रूपांत पुन्हा विचारला गेला.